मलिक अंबर : हबशी, दख्खनी आणि आपला

हॉस्टेलला आल्यावर पहिल्या रात्री पहिला प्रश्न कुठला विचारतात? नाव नाही, ब्रँच नाही, सीईटीचा स्कोअरही नाही. तू कुठला? आणि एकदा उत्तर दिलं की चार वर्षांसाठी बारसं झालंच म्हणून समजा. कुणी 'नागपुरी', कुणी 'मालवणी', कुणी 'भय्या', कुणी 'अण्णा'. एखादा परदेशी विद्यार्थी आफ्रिकेतून आलेला असेल तर त्याचा देश कोणता हे विचारायचेही कष्ट आपण घेत नाही, तो सरसकट 'आफ्रिकन'. मजा म्हणजे ही नावं ठेवणारे आपण सगळेच कुठून ना कुठून कल्याणला आलेलो. संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहा, किती भाषा कानावर पडतात ते मोजा.

हाच प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात विचारला जायचा, फक्त त्याच्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून असायचा. आपल्या मुलखात म्हणजे अगदी इथेच. कल्याणसकट हा उत्तर कोकण तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता. त्या निजामशाहीचा शेवटचा मोठा माणूस म्हणजे मलिक अंबर. शाळेच्या इतिहासात आपण त्याला दोन ओळींत भेटलो : निजामशाहीचा वजीर, गनिमी कावा, जमिनीची मोजणी, पाच मार्कांची टीप. तो आफ्रिकेतून आलेला गुलाम होता हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण त्याचा अर्थ काय हे कुणी सांगत नाही.

त्याचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळचं नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला. तांबड्या समुद्रावरचं मोखा बंदर, तिथून बगदाद, असा विकला जात जात तो मीर कासिम नावाच्या मालकाकडे पोचला. या मालकाने पोराची हुशारी ओळखली, त्याला मुसलमान केलं, शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. अरबीत इथिओपियाला 'हबश' म्हणतात, म्हणून तिकडचे लोक ते 'हबशी'. पश्चिम किनाऱ्यावरून कापड जहाजात भरून तिकडे जायचं आणि येताना सोनं, हस्तिदंत आणि माणसं यायची. १५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंबर असाच दख्खनमध्ये आला, आणि त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या पेशव्याने, चंगेझखानाने.

इथे पहिला धक्का बसतो. हा चंगेझखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम! गुलाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले कापसाचे मळे येतात. दख्खनमधली गुलामी वेगळी होती. इथल्या सरदारांना शेतात राबायला माणसं नको होती, त्यांना हवे होते ते सैनिक. परमुलखातून आणलेल्या पोराला इथे काका-मामा नाहीत, वतन नाही, भाऊबंदकी नाही, म्हणजे तो फक्त धन्याशी इमान राखणार, असा हिशेब. धनी मेला की तो बहुधा मोकळा व्हायचा, आणि मोकळा झालेला लढवय्या जिथे पगार मिळेल तिथे चाकरी धरायचा. याने गुलामी बरी ठरते असं अजिबात नाही. आईबापांपासून तोडलेलं पोर ते पोरच. पण त्या पोराला वर चढायला एक शिडी होती, आणि चंगेझखान त्या शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता. त्याच्या पदरी हजारभर हबशी होते असं सांगतात. कारभार कसा हाकायचा, फौज कशी बाळगायची हे अंबर त्याच्याकडे शिकला. पुढे अंबरने आपल्या एका मुलाचं नाव चंगेझखान ठेवलं, यावरून काय ते समजा.

पण चंगेझखानावर विषप्रयोग झाला, तो गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. त्यानंतरची वीसेक वर्षं अंबर भाडोत्री शिपाई. काही काळ विजापूरला, तिथेच 'मलिक' हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमाराला तो आपले दीडशे स्वार घेऊन निजामशाहीत परत आला. वय सत्तेचाळीसच्या आसपास. आपल्याकडे या वयात लोक व्हीआरएसची चौकशी करतात.

आता तो ज्या समाजात परत आला त्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दख्खनच्या दरबारांत दोन मोठे तट होते. एक 'दख्खनी', म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेले मुसलमान सरदार. दुसरे 'आफाकी' किंवा 'परदेशी', म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून ताजे आलेले. परदेशी लोक गोरे, फारसी फाडफाड बोलणारे, हिशेबात आणि शिष्टाचारात तरबेज. सुलतान त्यांना झटपट मोठ्या जागा द्यायचे आणि इथल्यांचा जळफळाट व्हायचा. बहुतेक हबशी दख्खनींच्या बाजूने. म्हणजे बघा, आफ्रिकेतून कालपरवा आलेला हबशी 'इथला' आणि इराणातून आलेला 'बाहेरचा'! बाहेरचे तर दोघेही होते. पण इराण्याला मागे घर होतं, नातेवाईक होते, पैसा साठवून परत जाण्याची वाट होती. हबशाला परतीची वाटच नव्हती. तो इथेच लग्न करणार, इथेच मरणार. माझ्या मते त्याला 'इथला' ठरवलं ते याने. रंगाने नाही, जन्मानेही नाही.

आणि हे तट म्हणजे काही गॅदरिंगच्या कमिटीतले गट नव्हेत. आज आपले सीनियर ज्या चाकणच्या कारखान्यांत नोकरीला लागतात, त्याच चाकणच्या किल्ल्यात पंधराव्या शतकाच्या मध्याला बहामनी फौजेतल्या परदेशी लोकांची कत्तल झाली होती. १४८१ मध्ये महमूद गवान हा इराणी वजीर, बिदरला मदरसा बांधणारा, दख्खनी सरदारांच्या खोट्या पत्रामुळे सुलतानाच्या हुकमाने मारला गेला. आणि १५८९ साली खुद्द अहमदनगर शहरात परदेशी माणसं शोधून शोधून मारली. फिरिश्ता हा नावाजलेला इतिहासकार तेव्हा अहमदनगरातच होता. इराणी असल्यामुळे त्याच्याही जिवावर आलं होतं. तो वाचला आणि विजापूरला गेला. त्याचा इतिहास आपल्याला मिळाला तो त्यामुळे.

हे काही फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. समुद्राने व्यापार वाढला तशी आशियातली सगळीच राज्यं अशी मिसळीची झाली होती. अंबरच्याच काळात सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, शेख अहमद नावाचा इराणी व्यापारी राजाच्या दरबारात मोठा मंत्री झाला आणि त्याच्या वंशातले लोक पुढे कित्येक पिढ्या थाई राजकारणात राहिले. उलट मलेशियात 'भूमिपुत्र' कोण आणि बाहेरचा कोण हा मलाय, चिनी आणि तमिळ लोकांमधला प्रश्न १९६९ च्या क्वालालंपूरच्या दंगलीनंतर सरकारी धोरणच होऊन बसला. असो, आपण आपल्या माणसाकडे वळू.

अंबर परतला तेव्हा निजामशाही बुडत होती. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला, चांदबिबीने किल्ला लढवला, वऱ्हाड देऊन १५९६ मध्ये तह केला. १६०० साली मोगल पुन्हा आले, चांदबिबी स्वकीयांच्या हातून मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला पडला. सुलतान मोगलांच्या कैदेत, राजधानी गेली, सरदार सैरावैरा. संपलं, असंच कुणीही म्हणालं असतं.

अंबरने काय केलं? निजामशाही घराण्यातला एक राजपुत्र शोधून काढला, परांड्याला त्याला मुर्तझा निजामशहा दुसरा म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. स्वतः झाला पेशवा. हाताशी फौज काही हजारांची. वाटेत दुसरा दावेदार होता राजू नावाचा, दौलताबादकडचा मुलूख त्याच्या ताब्यात. हा राजू पक्का दख्खनी, म्हणजे अंबरच्याच तटातला. तरी दोघं सात वर्षं एकमेकांशी लढत राहिले आणि १६०७ च्या सुमाराला अंबरने त्याला पकडलं. तेव्हा एका तटाचे म्हणून सगळे एक, असंही नव्हतं.

मोगलांच्या प्रचंड तोफखान्यापुढे, हत्तींपुढे मैदानात उभं राहणं म्हणजे आत्महत्या. अंबरने ती केलीच नाही. त्याने जवळ केले मराठे. हलका घोडा, हलकं सामान, डोंगरवाटा पाठ. मोगली लष्कराची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, दिवसा दिसायचं नाही. १६१० मध्ये इकडून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेचा आकडा नोंदवलाय : सुमारे दहा हजार त्याच्या जातीचे हबशी आणि चाळीसेक हजार दख्खनचे लोक. आकड्याला व्यापाऱ्याच्या अंदाजाइतकीच किंमत द्या, पण प्रमाण बघा. हबशी पेशव्याची फौज बव्हंशी इथल्या मातीतल्या माणसांची होती. त्याच साली त्याने अहमदनगरचा किल्ला परत घेतला.

त्याच साली एक काळी घटनाही घडली, आणि ती टाळून अंबरची गोष्ट सांगणं म्हणजे लबाडी होईल. मुर्तझाची थोरली बेगम इराणी, गोरी. तिचं आणि अंबरच्या मुलीचं भांडण झालं. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला भेटला होता, त्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. बेगमेने अंबरच्या मुलीचा काळी गुलाम पोर म्हणून उद्धार केला आणि अंबरलाही बंडखोर ठरवलं. मुलीने बापाला कळवलं. थोड्याच दिवसांत सुलतान आणि ती बेगम दोघंही विषाने मेले. अंबरने सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार पुढे सुरू.

खून तो खूनच. शिवाय यात राजकारणही होतं, मुर्तझा जुमानत नव्हता. पण विचार करा. हा माणूस तेव्हा साठीच्या पुढचा, हिंदुस्थानच्या बादशहाला दहा वर्षं झुलवत ठेवलेला, राज्याचा खरा मालक. त्याच्या मुलीला घरातल्या भांडणात ऐकावं लागतं ते काय, तर रंग आणि बापाची गुलामी. 'इथला' होऊनही ती रेघ पुसली गेली नव्हती. इतकी सत्ता असून अंबर स्वतः कधी गादीवर बसला नाही, मरेपर्यंत पेशवाच राहिला. यामागे निष्ठा होती की एका हबशाला सुलतान म्हणून कुणी मानणार नाही ही जाणीव होती? मला तरी दुसरं जास्त पटतं.

बादशहा जहांगीर याबाबतीत उघड होता. त्याच्या आत्मचरित्रात अंबरचं नाव येतं ते बहुतेक वेळा काळ्या रंगावरून शिवी जोडूनच. अबुल हसन या आपल्या चित्रकाराकडून त्याने १६१६ च्या सुमाराला एक चित्र काढून घेतलं : पृथ्वीच्या गोलावर उभा राहिलेला जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ना मुंडकं हाती लागलं, ना अंबर. परीक्षेत न सुटलेलं गणित घरी येऊन उशीवर बुक्के मारून सोडवावं, तसलाच प्रकार.

१६१० मध्येच अंबरने दौलताबादजवळ खडकी नावाच्या खेड्यात नवं शहर वसवायला घेतलं. हेच पुढे औरंगजेबाचं औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. शहरातल्या पुऱ्यांची नावं बघा : मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या भोसले सरदारांच्या नावांवरून पडलेली. राजधानीत मराठा सरदारांच्या नावाने वस्त्या! नावं देणारा हबशी, शहर निजामशहाचं.

सिव्हिलवाल्यांनी मात्र नीट वाचावं असं पुढे आहे. खडकीला पाणी नव्हतं. अंबरने उत्तरेच्या डोंगरातून, खाम नदीच्या खोऱ्यातून, जमिनीखालून बोगदा काढून झिरपणारं पाणी गोळा केलं आणि निव्वळ उतारावर ते शहरात आणलं. पुढे मातीचे पाईप, मध्ये मध्ये हवा आणि दाब सोडायला चिरेबंदी बंब, साफसफाईला उतरण्यासाठी मॅनहोल. ही नहर-ए-अंबरी. पंप नाही, वीज नाही, बर्नोलीचा जन्म व्हायला अजून ऐंशीच्या वर वर्षं. शेकडो वर्षं या नहरीने शहराला पाणी पाजलं. (पर्यटक जी पाणचक्की बघतात ती अठराव्या शतकातली, तिची नहर निराळी. व्हायव्हाला कुणी विचारलं तर गोंधळू नका.) आणि ही विद्या मूळची कुणाची? इराणची. डोंगराच्या पोटातून पाणी आणण्याची ही पद्धत इराणातून आली, बिदरला बहामनी काळातच तशी नहर झाली होती. म्हणजे 'परदेशी' लोकांची विद्या, 'दख्खनी' हबशी पेशवा, आणि खोदणारे हात बहुधा इथल्या बेलदार-पाथरवटांचे. पाण्याला यातला कुठलाच तट कळत नाही.

महसुलातही त्याने हात घातला. आधी गावं मक्त्याने द्यायची पद्धत होती, मक्तेदार रयतेला पिळून काढायचे. अंबरने मक्ते बंद केले, जमिनीची मोजणी करून प्रत लावली, पिकाच्या अंदाजावर सारा ठरवला आणि पाटील-कुलकर्ण्यांची वतनं पक्की केली. गावगाड्याला ही 'मलिकंबरी' इतकी पटली की शिवकाळातही तिचं नाव निघत राहिलं.

सगळं गोड मात्र नव्हतं. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला अंबरचा जबरदस्त पराभव झाला. लढाईआधीच त्याचे सरदार फुटून मोगलांना मिळाले होते. त्यात जाधवरावांसारखे मराठे होते तसेच याकूतखानासारखे हबशीही होते. मोगलांनी नवीकोरी खडकी जाळली. १६१७ ला आणि १६२१ ला शहाजादा खुर्रमपुढे त्याला तह करावे लागले. आपल्या जातीचा म्हणून कुणी थांबलं नाही आणि परजातीचा म्हणून कुणी गेलं नाही. जहागीर, पगार, मानपान, यावर माणसं जायची-यायची. उलट अंबरची दुसरी मुलगी सर्केशियन वंशाच्या मुकर्रबखान या सरदाराला दिलेली. कॉकेशसच्या डोंगरातला जावई, इथिओपियाचा सासरा, आणि दोघांची चाकरी निजामशाहीत.

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक होऊन आले. अंबर तेव्हा पंचाहत्तरीत. अहमदनगरजवळ (२०२४ पासून अहिल्यानगर) भातवडीला त्याने तलाव फोडला. पाणी शत्रूच्या तळावर पसरलं, सगळा चिखल, तोफा आणि गाडे रुतले. वर रात्रीचे छापे, रसद बंद, विजापूरची माणसं फुटू लागली. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद मारला गेला आणि दोन्ही फौजांचा धुव्वा उडाला. या लढाईत शहाजीराजे भोसले अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी कामी आले. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे आणि त्यात अंबरच्या पराक्रमाचं मनापासून कौतुक आहे. शिवछत्रपतींच्या चरित्रकाव्यात एका हबशी पेशव्याला मिळालेलं हे स्थान आहे. विजयानंतर मात्र अंबर आणि शहाजीराजे यांचं जमलं नाही आणि राजे विजापूरला गेले.

१४ मे १६२६ रोजी अंबर वारला, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन. ज्या मोगल दरबारातून त्याला शिव्या गेल्या, त्याच दरबारातल्या मुतामदखान या इतिहासकाराला त्याच्या मृत्यूनंतर लिहावं लागलं की युद्धकलेत आणि कारभारात त्याला तोड नव्हती आणि इतक्या उंचीला चढलेला दुसरा हबशी गुलाम इतिहासात सापडत नाही. अंबर गेला आणि दहा वर्षांत सगळं संपलं. मुलगा फत्तेखान बापासारखा नव्हता. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं. त्यानंतर निजामशाहीचा एक लहान वारस मांडीवर घेऊन मोगलांशी लढत राहिले ते शहाजीराजे, अगदी अंबरने परांड्याला केलं होतं तसंच. १६३६ मध्ये त्यांनाही तह करावा लागला, आणि कल्याणचा हा मुलूख विजापूरकडे गेला. एकवीस वर्षांनी, १६५७ मध्ये, तो शिवाजी महाराजांनी घेतला.

अंबरची कबर खुलताबादला आहे, जरजरी जरबक्ष दर्ग्याजवळ. साधा घुमट, आणि जवळच बायकोची, बीबी करिमाची कबर. त्याच गावात १७०७ पासून औरंगजेबही पुरलेला आहे. कल्याणहून सकाळची तपोवन पकडायची, संभाजीनगरला उतरायचं, तिथून दौलताबादवरून जाणारा वेरूळचा रस्ता. आपल्या वेरूळ ट्रिपची बस दर वर्षी खुलताबादवरूनच पुढे जाते, फक्त थांबत नाही.